चाचणी नाकारण्याचा हक्क कुणाचा?

आजच्या व्याख्यानाचं शीर्षक प्रश्नार्थक आहे, आणि ते मुद्दाम तसं ठेवलं आहे. राज्यभर एकाच प्रश्नपत्रिकेवर, एकाच दिवशी घेतली जाणारी जी प्रमाणित चाचणी असते, ती आपल्या मुलाने द्यायची नाही असं म्हणण्याचा हक्क आई-बापाला आहे का? आणि नसेल तर तो असावा का? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला कायद्याचा, दुसरा नीतीचा. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचा ओढा साहजिकच दुसऱ्याकडे असतो. पण पहिल्याला बगल देऊन दुसऱ्याकडे गेलं की चर्चा हवेत जाते. म्हणून आधी जमिनीवरचं बघू.

महाराष्ट्रात शैक्षणिक वर्ष २०२३-२४ मध्ये तिसरी ते आठवीच्या मुलांसाठी ‘नियतकालिक मूल्यांकन चाचणी’ सुरू झाली. गुरुजी मंडळी तिला ‘पॅट’ म्हणतात. जागतिक बँकेच्या मदतीने सहा राज्यांत चाललेल्या ‘स्टार्स’ प्रकल्पाचा हा भाग. वर्षाला तीन चाचण्या : सुरुवातीला पायाभूत, मग संकलित एक, मग संकलित दोन. विषय तीन : प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. प्रश्नपत्रिका पुण्याहून, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून येते. गुण शिक्षकाने मोबाईलवरच्या चॅटबॉटमधून भरायचे, ते विद्या समीक्षा केंद्रात जमा होतात. याआधी २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमातही पायाभूत आणि संकलित चाचण्या होत्याच. म्हणजे नाव बदललं, गाडी जुनीच.

त्याशिवाय २०२३ मध्ये राज्याने नियम बदलले आणि पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आली. नापास झालेल्या मुलाला पुन्हा संधी मिळते, पण पुनर्परीक्षेतही तो उत्तीर्ण झाला नाही तर त्याच वर्गात बसवता येतं. केंद्राने आपल्या अखत्यारीतल्या शाळांसाठी असाच नियम डिसेंबर २०२४ मध्ये केला. आणि तिसरी गोष्ट राष्ट्रीय सर्वेक्षणाची. ४ डिसेंबर २०२४ रोजी ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. देशभरातल्या सुमारे ७४ हजार शाळांतली, तिसरी, सहावी आणि नववीची २१ लाखांवर मुलं त्यात बसली.

आता कायदा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यात पालकाचं नाव येतं ते दहाव्या कलमात, आणि तिथे पालकाला हक्क दिलेला नाही, कर्तव्य दिलेलं आहे : मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं. संविधानाच्या ५१-क मध्येही सहा ते चौदा वयाच्या मुलाला शिक्षणाची संधी देणं हे पालकाचं कर्तव्य म्हणूनच लिहिलं आहे. चाचणी नाकारण्याची तरतूद कुठेही नाही. मात्र याच कायद्याचं २९ वं कलम म्हणतं की मूल्यमापन सर्वंकष आणि सातत्यपूर्ण असावं, आणि मूल भीती, आघात, चिंता यांपासून मुक्त राहावं. तिसावं कलम म्हणतं की प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणतीही बोर्डाची परीक्षा उत्तीर्ण होण्याची सक्ती मुलावर नसावी. म्हणजे पालकाला नकार देता येत नाही, पण राज्यालाही हवी ती चाचणी हव्या त्या रीतीने लादायला मोकळीक नाही. या दोन्हींच्या मध्ये जी जागा उरते, तिच्यात आजचा आपला विषय आहे.

नकार ही कल्पना आपल्या संविधानाला अनोळखी आहे असं मात्र समजू नका. कलम २८ च्या तिसऱ्या उपकलमानुसार, राज्यमान्य किंवा अनुदानित शाळेतल्या धार्मिक शिक्षणात मुलाला त्याच्या पालकाच्या संमतीशिवाय बसवता येत नाही. केरळमध्ये १९८५ साली तीन भावंडांना शाळेतून काढलं होतं. ती राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण त्यांच्या श्रद्धेमुळे गात नसत. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये बिजो इमॅन्युएल खटल्यात त्यांना शाळेत परत घ्यायला लावलं. पण या दोन्ही ठिकाणी नकार सद्सद्विवेकाचा आहे. गणिताच्या चाचणीला कुणाचा सद्सद्विवेक आडवा येतो? हा प्रश्न टाळून चालणार नाही.

नकाराच्या बाजूने पहिला युक्तिवाद येतो तो असा : मूल माझं आहे, त्याचं काय करायचं ते मी ठरवीन. आम्हाला हा युक्तिवाद मुळातच कच्चा वाटतो. ‘माझं’ हा शब्द इथे दोन अर्थांनी वापरला जातो. माझी बांधी म्हणतो तेव्हा मालकी असते. ती मी विकू शकतो, पडीक ठेवू शकतो. माझं मूल म्हणतो तेव्हा नातं असतं, आणि त्या नात्यात जबाबदारी अधिक, अधिकार कमी. अधिकार असतात, पण ते जबाबदारी पार पाडण्यापुरते. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात, मुलाला कोणत्या प्रकारचं शिक्षण द्यायचं हे निवडण्याचा पहिला हक्क पालकांचा मानला आहे. पण त्याच कलमाची सुरुवात ‘शिक्षणाचा हक्क प्रत्येकाला आहे’ या विधानाने होते, आणि त्या ‘प्रत्येकात’ मूल आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ जोएल फाइनबर्ग यांनी १९८० च्या एका निबंधात ‘खुल्या भविष्याचा हक्क’ अशी कल्पना मांडली. मूल मोठं झाल्यावर ज्या निवडी करील, त्या निवडी आधीच बंद होतील असं वागण्याचा अधिकार आज कुणालाही नाही, आई-बापांनाही नाही आणि राज्यालाही नाही. आमच्या मते चाचणीचा प्रश्न याच कसोटीवर घासून बघावा. चाचणी दिल्याने मुलाचं भविष्य उघडतं की बंद होतं? न दिल्याने?

या ठिकाणी जॉन स्टुअर्ट मिलची आठवण होते. व्यक्तिस्वातंत्र्याचा एवढा मोठा कैवारी. त्याने चाचणीला विरोध केला असेल असं वाटेल. झालं उलटं. १८५९ च्या ‘ऑन लिबर्टी’च्या शेवटच्या प्रकरणात तो म्हणतो की शिक्षण राज्याने स्वतः देऊ नये, कारण मग सगळी माणसं एका साच्यातून निघतील, राज्याने फक्त परीक्षा घ्यावी. लहान वयापासून दरवर्षी, सर्व मुलांची. मुलाला वाचता आलं नाही तर बापाला माफक दंड. आता यात गंमत बघा. मिलच्या योजनेत परीक्षा बसते मुलाच्या नावाने, पण निकाल लागतो बापाचा. मुलाला शिकवण्याचं कर्तव्य बापाने केलं की नाही, हे तपासायचं ते साधन आहे. मग त्यातून बापाला सुटका कशी मिळणार? सावकाराने हिशेब तपासू नका म्हणण्यासारखंच ते झालं.

पण मिलच्या योजनेची एक अट आपण विसरतो. त्याच्या मते शिकवणारा आणि तपासणारा वेगळा हवा. आपल्याकडे जिल्हा परिषदेची शाळा राज्याची, शिक्षक राज्याचा, अभ्यासक्रम राज्याचा, पुस्तक राज्याचं आणि चाचणीही राज्याची. मग या चाचणीत नेमका कुणाचा निकाल लागतो? मिलचा तर्क प्रामाणिकपणे पुढे नेला, तर आपल्याकडे चाचणीतून राज्याचाच निकाल लागायला हवा. प्रत्यक्षात खापर फुटतं ते वर्गातल्या मुलावर, फार तर त्याच्या गुरुजीवर.

शिक्षकावर आणि शाळेवर निकालाचं ओझं टाकण्याचा प्रयोगही नवा नाही. १८६२ साली इंग्लंडात रॉबर्ट लो यांनी ‘निकालाप्रमाणे अनुदान’ ही पद्धत आणली. तपासनीस येणार, मुलांचं वाचन, लेखन, गणित तपासणार, त्यावर शाळेचे पैसे ठरणार. कवी मॅथ्यू अर्नोल्ड स्वतः शाळा-तपासनीस होता, आणि त्याने आपल्या अहवालांतून सांगितलं की यामुळे शिकवणं यांत्रिक होत चाललं आहे. त्याच धर्तीची पद्धत मुंबई इलाख्यातही आली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिलं. त्यात गरीब आणि अशिक्षित लोकांत शिक्षण पसरवायला ही पद्धत योग्य नाही, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. ज्यांच्यात शिक्षणाची गोडी अजून लागलेली नाही, त्यांच्यासाठी निकालावर पोट भरायची शाळा कोण काढील, हा त्यांचा रोख होता. फुल्यांना मोजमापाचा राग नव्हता. मोजमापाचा भार कुणावर पडतो, हे त्यांना दिसत होतं. ज्याच्यापर्यंत शिक्षण पोचलंच नाही, त्याच्याच माथी कमी गुण मारायचे आणि त्या कमी गुणांच्या आधारे त्याला आणखी कमी द्यायचं, हा हिशेब त्यांनी ओळखला होता.

इथवर आलो की लक्षात येतं, ‘चाचणी’ हा एकच शब्द आपण तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतो. या तिन्ही वेगळ्या केल्याशिवाय नकाराच्या हक्काविषयी धड काही बोलता येणार नाही.

पहिली चाचणी गुरुजीची. मुलाला हातच्याची वजाबाकी येते का, जोडाक्षर वाचता येतं का, हे बघून उद्या काय शिकवायचं ते ठरवायचं. ही चाचणी मुलासाठी असते, त्याचा उपयोग मुलालाच होतो. डॉक्टरने नाडी बघावी तसं हे. इथे पालकाने नकार द्यावा असं आम्हाला वाटत नाही, कारण नकाराने नुकसान मुलाचं होतं आणि फायदा कुणाचाच होत नाही.

दुसरी चाचणी व्यवस्थेची. राज्यात, जिल्ह्यात शिक्षण कसं चाललं आहे हे जाणण्यासाठी. ‘परख’ सर्वेक्षण या प्रकारात येतं. आणि यासाठी प्रत्येक मुलाला बसवायची गरजच नसते. आपण धानाच्या मुलखातली माणसं. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. गावाचा उतारा काढायचा असेल तर महसूल आणि कृषी खात्याची माणसं काय करतात? गावातली प्रत्येक बांधी कापून वजन करत नाहीत. चिठ्ठी टाकावी तशी काही शेतं निवडतात, त्यांत ठरावीक मापाचा तुकडा आखतात, तेवढं पीक कापतात, मळतात, तोलतात. त्यावरून पैसेवारी ठरते. ती ५० पैशांच्या वर की खाली, यावर टंचाईच्या सवलती ठरतात. आणि कापणी प्रयोग कुठल्या बांधीत झाला, तलावाखालच्या ओलिताच्या की टेकराच्या कोरडवाहू, यावर आकडा कसा वर-खाली होतो, तेही गोंदियाच्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. म्हणजे नमुना घेण्याचं शास्त्र आणि नमुन्यातली लबाडी, दोन्ही आपल्या अंगणातल्या गोष्टी आहेत.

मग पॅट या दोहोंपैकी कशात बसते? आमची खरी तक्रार इथे आहे. ती पहिल्या प्रकारची म्हणून सांगितली जाते आणि दुसऱ्या प्रकारची म्हणून वापरली जाते. गुरुजीने मूल समजून घ्यावं म्हणून ती आहे, असं परिपत्रक म्हणतं. पण जी चाचणी गुरुजीने बनवली नाही, जिचा दिवस गुरुजीने ठरवला नाही, जिचे गुण मिळाल्याबरोबर वर पाठवायचे, तिच्यातून गुरुजीला काय नवं कळणार? तीस मुलांच्या वर्गात कुणाला वाचता येत नाही, हे त्याला पहिल्या पंधरवड्यातच कळलेलं असतं. आणि व्यवस्थेला जर जिल्ह्याची स्थितीच हवी असेल, तर मूठभर शितं पुरे होती. साऱ्या भाताची हंडी उपसायची गरज नव्हती.

तिसरी चाचणी निवाड्याची. पास की नापास, वर की खाली. पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षा ही या प्रकारची. इथे मुलाच्या आयुष्याचं एक वर्ष पणाला लागलेलं असतं.

आता नकाराचा हक्क या तिन्हींना लावून बघा. गुरुजीच्या चाचणीला नकार देण्यात अर्थ नाही, हे म्हटलंच. व्यवस्थेच्या चाचणीत मात्र मूल हे दुसऱ्याच्या कामाचं साधन झालेलं असतं. त्याच्या उत्तरपत्रिकेचा उपयोग त्याला होत नाही, खात्याला होतो. कांटने घालून दिलेला दंडक आपण जाणतो : माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये. म्हणून इथे विचारणं आलं, संमती आली. आणि हे अशक्य मुळीच नाही. ‘प्रथम’ संस्थेचा ‘असर’ अहवाल २००५ पासून निघतो. त्यासाठी कार्यकर्ते घरी जातात, घरच्यांना विचारतात, अंगणात बसून मुलाकडून एक परिच्छेद वाचून घेतात, एक गणित सोडवून घेतात. घरच्यांनी नको म्हटलं तर पुढच्या घरी जातात. इतकी वर्षं देशाला शिक्षणाचं एक चित्र त्यातून मिळालं आहे. संमती विचारल्याने माहिती आटत नाही, हे यावरून दिसतं. दुसरीकडे, मुलांच्या ‘अपार’ ओळख क्रमांकासाठी शाळांनी पालकांची संमतीपत्रं भरून घेतलीच ना? ओळख क्रमांकाला पालकाची सही लागते आणि त्याच मुलाची गुणनोंद राज्याच्या केंद्रात जाताना लागत नाही, यात कोणतं तत्त्व आहे?

तिसऱ्या, निवाड्याच्या चाचणीत केवळ नकार पुरत नाही. परीक्षेला बसलं नाही तर मूल वर जात नाही. मग नकाराचा अर्थ उरतो काय? तिथे पालकाला हवा तो म्हणणं मांडण्याचा हक्क. उत्तरपत्रिका बघण्याचा हक्क, मूल वर्षभर किती दिवस शाळेत होतं, शाळेत त्या विषयाला शिक्षक होता का, हे विचारण्याचा हक्क.

इथे आपल्या जिल्ह्याकडे येऊ. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा निघालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. एका बाजूला बालाघाट, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावकडे घरात गोंडी, हलबी, छत्तीसगढी. इकडे गोंदिया, आमगाव, गोरेगाव, तिरोड्याकडे पोवारी. शिवाय सर्वत्र झाडीबोली आणि हिंदी. अशा घरातलं मूल तिसरीत येतं आणि त्याच्यापुढे जी प्रश्नपत्रिका ठेवली जाते तिच्यावर लिहिलेलं असतं ‘प्रथम भाषा : मराठी’. ही भाषा कुणाची प्रथम? आठ वर्षांच्या त्या पोराची तर नव्हे. त्याची ती दुसरी आहे, कधी तिसरी आहे, आणि इंग्रजी त्याच्यासाठी चौथी. त्याने कमी गुण मिळवले तर तक्त्यात नोंद होते ‘भाषेत मागे’. खरं तर ज्या पुण्याच्या मुलाला दोन भाषा येतात त्याच्यापेक्षा हा पोरगा दोन भाषांनी पुढे आहे. कायद्याचं तेच २९ वं कलम म्हणतं की शक्यतोवर शिक्षण मातृभाषेतून व्हावं. शिक्षण मातृभाषेतून द्यायचं राहून गेलं, आणि चाचणी मात्र वेळेवर आली!

हंगामाचं तेच. पायाभूत चाचणी येते जुलै-ऑगस्टच्या सुमारास, तेव्हा आपल्याकडे पऱ्हे उपटून रोवणी चाललेली असते. संकलित दोन येते एप्रिलमध्ये. तेव्हा जंगलाकाठच्या गावांत पहाटे अंधारात मोहफुलं वेचायला सगळं घर निघालेलं असतं, मुलासकट. शिवाय विदर्भाचं ऊन. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्यभर एकच वेळापत्रक लावून परीक्षा महिन्याच्या अखेरीपर्यंत नेल्या, तेव्हा विदर्भातून ओरड झाली ती याच कारणाने. म्हणजे ‘प्रमाणित’ या शब्दात एक गृहीत लपलेलं असतं : सगळ्यांचं हवामान एक, सगळ्यांची भाषा एक, सगळ्यांचा हंगाम एक. सर्वांना एकच माप लावणं म्हणजे न्याय, असं वरवर वाटतं. पण मापाला न्याय तेव्हाच म्हणता येतं, जेव्हा तोलायला ठेवलेल्या मालाला तिथवर पोचायची वाट सारखी असते.

इतकं ऐकल्यावर कुणी म्हणेल, मग सर, तुम्ही नकाराच्याच बाजूचे आहात. थांबा. आता दुसरी बाजू ऐका, ती आम्हाला तितकीच जड वाटते.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात २०१५ साली तिसरी ते आठवीच्या सुमारे पाचपैकी एका मुलाच्या पालकांनी राज्याच्या चाचणीला नकार दिला. संख्या दोन लाखांच्या वर. त्या चळवळीचा जोर मुख्यतः सुखवस्तू उपनगरांत होता. आणि त्याच वर्षी मे महिन्यात, कृष्णवर्णीयांच्या आणि अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या बारा नागरी हक्क संघटनांनी या नकाराला जाहीर विरोध केला. का? कारण पूर्वी शाळा गरीब, कृष्णवर्णीय, अपंग मुलांना चाचणीच्या दिवशी अलगद बाजूला ठेवत आणि निकाल चकचकीत दाखवत. म्हणून तिथल्या कायद्याने किमान ९५ टक्के मुलं चाचणीला बसलीच पाहिजेत असं बंधन घातलं होतं. ते बंधन दुबळ्यांनी झगडून मिळवलेलं होतं. ज्याची गणती होत नाही, त्याच्यासाठी तरतूदही होत नाही.

आता ही गोष्ट आपल्याकडे आणून बघा. उद्या सरकारने नकाराचा अर्ज छापला, तर त्यावर पहिली सही कुणाची होईल? पुण्या-मुंबईच्या, हक्काची भाषा येणाऱ्या पालकाची होईल असं वाटतं. आम्हाला वाटतं, पहिली सही होईल ती आपल्याकडच्या एखाद्या धानकापणीला गेलेल्या बाईची. तिला सांगितलं जाईल, बाई, तुमचं पोरगं त्या दिवशी घरीच ठेवा, इथे सही करा, काही होत नाही. तिचा अंगठा पालकाच्या हक्काच्या नावाने उमटेल आणि शाळेची सरासरी दोन टक्क्यांनी वर जाईल. नकाराचा हक्क आणि बाहेर काढण्याची युक्ती, दोन्हींचा कागद एकच असू शकतो. स्वातंत्र्याची भाषा बोलताना सत्तेची पाळंमुळं कुठे आहेत हे बघितलं नाही, तर असं होतं.

आणि दुसरं. श्रीमंत पालकाला नकाराचा अर्ज लागतच नाही. पॅट ही शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि खाजगी अनुदानित शाळांसाठी आहे. विनाअनुदानित इंग्रजी शाळेत मुलाला घातलं की राज्याच्या या चाचणीतून सुटका आपोआप होते. म्हणजे नकाराचा हक्क महाराष्ट्रात आजही आहे. त्याची फी भरावी लागते, एवढंच. जो फी भरू शकत नाही, त्याचंच मूल तोललं जातं. त्यामुळे ‘नकाराचा हक्क नको, त्याने समता मोडेल’ असं जे म्हणतात, त्यांना आमचं विचारणं आहे की ती समता आज कुठे शाबूत आहे?

तर मग निष्कर्ष काय? आम्ही तो टप्प्याटप्प्याने मांडतो, म्हणजे तुम्हाला खोडून काढायला सोपा जाईल.

एक : जी चाचणी मुलाच्या शिकण्यासाठी आहे ती गुरुजीच्या हाती द्या. दिवस त्याने ठरवावा, भाषा त्याने निवडावी, गोंडी बोलणाऱ्या मुलाला गोंडीत विचारायची मुभा असावी. तिचे गुण वर पाठवायची गरज नाही.

दोन : जी चाचणी व्यवस्थेसाठी आहे ती नमुन्यावर घ्या, आणि पालकाला आधी विचारा. पण तिच्या कक्षेत विनाअनुदानित शाळाही आणा. तोलायचंच असेल तर सगळ्यांचा काटा एक असू द्या.

तीन : नकार एकट्या पालकाने द्यावा अशी रचना नको, तो फसवला जातो. शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमाने शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या महिला असतात, वंचित घटकांच्या पालकांना जागा असते. आज ही समिती बहुतेक ठिकाणी खिचडीच्या नोंदी आणि रंगरंगोटीच्या बिलांवर सह्या करण्यापुरती उरली आहे. रोवणीच्या आठवड्यात ही चाचणी आमच्या गावात नको, पंधरा दिवसांनी घ्या, हा ठराव करायचा अधिकार या समितीला द्या. आमच्या मते पालकांचा हक्क इथे खऱ्या अर्थाने उतरतो : चार बायका, चार बापे, पटांगणात बसून, एकमेकांसमक्ष ठरवतात. एका बाईला फसवता येतं, बाराजणींना एकत्र फसवणं अवघड जातं.

चार : नकाराच्या आधी कळण्याचा हक्क. याच कायद्याच्या २४ व्या कलमाने शिक्षकावर कर्तव्य टाकलं आहे की पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती त्यांना सांगावी. पुण्याच्या केंद्राला मुलाचे गुण त्याच आठवड्यात कळतात, आणि त्याच्या आईला ते कळतात की नाही, याची नोंद कुठेच नसते. जिला आपलं पोर काय शिकलं हे माहीतच नाही, तिची संमती कोऱ्या कागदावरची आणि तिचा नकारही कोऱ्या कागदावरचा.

एक आक्षेप उरतो. मुलाचं काय? आपण दोन तास, माफ करा, जवळपास एक तास, राज्याचा आणि पालकाचा हक्क तोलतो आहोत, मधे मूल गप्प आहे. भारताने १९९२ मध्ये मान्य केलेला बालहक्कांचा करार म्हणतो की मुलाशी संबंधित बाबींत त्याचं मत, वय आणि समज लक्षात घेऊन, ऐकलं जावं. शिक्षण हक्क कायदाही मुलाला मोकळेपणाने मत मांडता यावं असं म्हणतो. आठवीतला चौदा वर्षांचा मुलगा म्हणाला की मला परीक्षा द्यायची आहे, आणि बाप म्हणाला नको, तर आम्ही मुलाच्या बाजूने उभे राहू. कारण शिष्यवृत्तीच्या परीक्षेला हौसेने बसणारी, त्यातून पुढे गेलेली मुलं याच जिल्ह्याच्या खेड्यांतून निघाली आहेत. तिथे फॉर्म आपण भरतो, बसायचं की नाही ते आपण ठरवतो. परीक्षा तीच असते, पण ती निवडलेली असते. मुलाला परीक्षेचं भय असतं असं सरसकट म्हणू नये. त्याला भय असतं ते त्याला न विचारता, न सांगता, त्याच्याविषयी काहीतरी लिहून वर पाठवलं जाण्याचं. मोठ्या माणसांनाही याचंच भय असतं.

म्हणून शीर्षकातल्या प्रश्नाचं आमचं उत्तर असं की, चाचणी नाकारण्याचा मूळ हक्क मुलाचा आहे. पालक त्याचा विश्वस्त आहे, आणि विश्वस्ताने एकट्याने, बंद दाराआड निर्णय घेऊ नये, हा विश्वस्त-कायद्याचा साधा नियम इथेही लागू व्हावा. राज्य या हक्काचं प्रतिपक्षी आहे. त्याने पंच व्हायचा आग्रह सोडावा.

या महिन्यात तुमच्या गावच्या शाळेत व्यवस्थापन समितीची सभा असेलच. तिथे एवढा एकच प्रश्न विचारा : मागच्या संकलित चाचणीत आमच्या मुलांना काय आलं आणि काय आलं नाही, ते आम्हाला आमच्या बोलीत समजावून सांगा. उत्तर मिळालं तर उत्तम. नाही मिळालं, तर नकाराची चर्चा तिथून सुरू करता येईल.

आपण शांतपणे ऐकलंत. आता प्रश्न विचारा. खोडून काढलंत तरी चालेल.